पन्नास वळणे आणि आम्ही दोघे

"स्लोव्हाकियाला ना?" आमचा बेत ऐकला की पहिला प्रश्न हा येतो. "नव्हे, स्लोव्हेनियाला," असे सांगितले की समोरचा गृहस्थ, "तेच ते हो!" म्हणून मोकळा होतो. शेजारच्या निवृत्त पोस्टमास्तरांनी तर अजून चेकोस्लोव्हाकियाच सोडलेला नाही. त्यांना मी दरवेळी युगोस्लाव्हियाची आठवण करून देतो. मार्शल टिटोंचा तो देश मोडू लागला तेव्हा 25 जून 1991 रोजी जो तुकडा स्वतंत्र झाला आणि अवघ्या दहा दिवसांच्या लढाईने सुटला, तो हा. खुद्द टिटोंनी 1980 साली शेवटचा श्वास घेतला तो याच देशाच्या राजधानीत, ल्युब्ल्यानाला. एवढे सांगून झाल्यावर पोस्टमास्तर विचारतात, "पण तिथे आहे काय?"

रीतीप्रमाणे प्रवासवर्णन प्रवास झाल्यावर लिहायचे असते. माझे निघण्यापूर्वीच लिहून होत आहे. पण याला मोठा आधार आहे. याच देशातल्या कोबारिद गावी 1917 च्या ऑक्टोबरात इटालियन फौजेची जी दाणादाण उडाली तिचे वर्णन हेमिंग्वेच्या 1929 सालच्या कादंबरीने जगभर पोहोचवले, आणि हेमिंग्वे त्या माघारीत नव्हताच. तो इटलीत आला 1918 साली. तेव्हा न पाहता लिहिणारा मी पहिलाच नव्हे.

मूळ बेत आमच्या चिरंजीवांचा. त्याने साठीच्या निमित्ताने आईसाठी 'बारा दिवसांत सात देश' अशी सहल काढून ठेवली होती. सौ.ने ते रंगीत पत्रक वाचले, बाजूला ठेवले आणि म्हणाली, "सात देशांतल्या सात हॉटेलांच्या जिन्यांवर बॅगा उचलायच्या असतील तर घरीच बरे. मला एकच देश हवा. छोटा. आणि गाडी मी चालवणार."

ही छत्तीस वर्षे शाळेत संस्कृत शिकवत होती. देश शोधण्याची तिची रीतही त्यामुळे निराळी. एके दिवशी स्वयंपाकघरातून हाक आली, "अहो, यांच्या भाषेत द्विवचन आहे!" मला वाटले, कसली तरी भाजी. तर खरेच, युरोपातल्या बहुतेक भाषांनी केव्हाच टाकून दिलेले द्विवचन स्लोव्हेनियन लोक रोजच्या बोलण्यात वापरतात. 'मी ग्रेमो' म्हणजे आम्ही पुष्कळजण जातो. 'मिद्वा ग्रेवा' म्हणजे आम्ही दोघे जातो. हिने लगेच डाव्या बाजूला 'गच्छामः, गच्छावः' असे लिहून मला दाखवले. मः आणि मो, वः आणि वा! हजारो मैलांवरची ती चुलत नाती बघून तिच्या डोळ्यांत जी चमक आली ती मी पत्रकातल्या सात देशांपैकी एकाही देशाच्या चित्राला आलेली पाहिली नव्हती. आपल्या मराठीने मात्र द्विवचन ठेवले नाही. आपल्याकडे दोघे असोत की दोनशे, 'आम्ही' म्हणजे आम्हीच. त्यांच्या सर्वांत उंच डोंगराचे नाव त्रिग्लाव, म्हणजे तीन डोक्यांचा. "त्रिशीर्ष," ही म्हणाली. देश ठरला.

पुढचे काम माझे; नकाशे, अंतरे, वेळापत्रके. देश एवढा आटोपशीर की बेत आखताना हाताला लागतो. क्षेत्रफळ 20,271 चौरस किलोमीटर. म्हणजे आपले रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग एकत्र केले तर जवळपास तेवढेच. निम्म्याहून अधिक भाग जंगल. वस्ती एकवीस लाखांच्या आसपास. समुद्रकिनारा फक्त 47 किलोमीटर, तोही एका कोपऱ्यात; पण तेवढ्यात पिरानसारखे व्हेनिसच्या अमलात वाढलेले गाव बसवले आहे आणि शेजारी मिठागरे. ल्युब्ल्यानाहून ब्लेडचे सरोवर 55 किलोमीटर, पोस्तोयनाच्या गुहा तेवढ्याच, पिरान सव्वाशेच्या आत. आम्ही आखलेली सगळी फेरी मुंबई-पणजी एवढीही भरत नाही, आणि तिला आम्ही अकरा दिवस देणार आहो. मित्रांना हा वेडेपणा वाटतो. मला वाटते, शहाणपणाचा भाग तेवढाच आहे.

व्यवहाराच्या गोष्टी उरकून टाकतो. विसा शेंगेनचा, स्लोव्हेनिया 2007 च्या डिसेंबरापासून त्यात आहे, आणि चलन त्याच वर्षापासून युरो. विम्याला तीस हजार युरोंचे वैद्यकीय संरक्षण लागते. आपल्या आर.टी.ओ.कडून वर्षभराचा आंतरराष्ट्रीय परवाना मिळतो. पण मूळ परवाना बरोबर नसेल तर त्याचा उपयोग नाही. मुंबईहून थेट विमान नाही, वाटेत कुठेतरी बदलावे लागते. मोटार शक्यतो ल्युब्ल्यानाच्या विमानतळावरच घ्यावी. मोठ्या हमरस्त्यांसाठी तिथे टोलनाक्याऐवजी ठराविक मुदतीचे 'विन्येटा' असते, पूर्वी काचेवर चिकटवायचे, 2022 पासून गाडीच्या क्रमांकावर नोंदलेले. भाड्याच्या गाडीला ते असते, तरी विचारून घ्यावे. दिवसाउजेडीही दिवे लावूनच गाडी चालवायची, असा कायदा आहे. आणि गाडी रस्त्याच्या उजव्या अंगाने.

या उजव्या अंगाने आमच्या घरात काही दिवस मोठी गंमत केली. ही जेवणाच्या टेबलाशी डावीकडच्या खुर्चीत बसे, उजव्या हातात लाटणे गिअर म्हणून धरी आणि मी समोर ताटल्यांचा चौक मांडून देई. शेवटी आपोआप गिअर बदलणारी गाडी घ्यायचे ठरले आणि लाटणे पोळ्यांकडे परत गेले.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. ब्लेडहून पश्चिमेच्या सोचा नदीच्या खोऱ्यात उतरायचे तर मध्ये ज्युलियन आल्प्स आडवे येतात. त्यांतून जाणारा रस्ता व्रशिचच्या खिंडीतला. उंची 1611 मीटर. वळणे पन्नास, चोवीस चढताना आणि सव्वीस उतरताना. प्रत्येक वळणाला क्रमांक दिलेला आहे. क्रान्स्का गोराकडून चढणारी सगळी वळणे दगडी फरसबंदीची, म्हणजे पाऊस पडला की निसरडी. आणि त्या मुलुखात पावसाला कोकणाइतकेच काळ-वेळ नसते. हिवाळ्यात बर्फामुळे घाट बंद.

हा रस्ता सहलीसाठी झालेला नाही. पहिल्या महायुद्धात सोचाच्या काठावर ऑस्ट्रिया-हंगेरी आणि इटली यांच्या 1915 ते 1917 मध्ये बारा लढाया झाल्या. त्या आघाडीला रसद पोचवायला ऑस्ट्रियनांनी हा घाट रशियन युद्धकैद्यांकडून बांधून घेतला. 1916 च्या मार्चमध्ये हिमलोट कोसळून शंभरावर माणसे, कैदी आणि त्यांचे पहारेकरी, गाडली गेली. वाचलेल्या कैद्यांनी आपल्या माणसांसाठी वाटेवर लाकडाचे एक छोटे प्रार्थनामंदिर बांधले. ते आठव्या वळणापाशी आजही आहे.

हे सगळे मी वाचले, आणि गुपचूप दुसरा रस्ता आखला. ब्लेडहून परत ल्युब्ल्याना, तिथून हमरस्त्याने पोस्तोयना, मग नोव्हा गोरित्सामार्गे नदीच्या काठाने वर कोबारिद. लांबचा, पण सपाट. वहीत मी तो निळ्या शाईने लिहिला आणि घाटाच्या रस्त्यावर बारीक फुली मारली. कारण म्हणून लिहिले : 'वेळ वाचेल.' जवळपास दुप्पट अंतराने वेळ कसा वाचतो हे माझे मलाच ठाऊक.

खरे कारण कसाऱ्याचे आहे. 1998 सालची गोष्ट. नाशिकहून लग्न आटोपून रात्री परतत होतो. गाडी मी चालवत होतो, घाटात धुके होते आणि एका मालमोटारीच्या मागे रखडण्याचा मला कंटाळा आला. ओलांडायला म्हणून गाडी बाहेर काढली, समोरून दिवे आले, मी स्टिअरिंग फिरवले. पुढचे चाक गटारात उतरले आणि बंपर कठड्याला टेकून गाडी थांबली. मागे मुले झोपलेली होती, ती उठलीसुद्धा नाहीत. कठड्यापलीकडे काय होते ते धुक्यामुळे दिसले नाही, हे बरेच झाले. ही त्या रात्री एक शब्द बोलली नाही. दोन महिन्यांनी तिने मोटार शिकायचे नाव घातले. त्यानंतर रात्री आणि घाटात गाडी तीच चालवते. आमच्यात त्यावर कधी बोलणे झालेले नाही. आता तर माझ्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढले आहेत आणि रात्री समोरच्या दिव्यांभोवती मला कडी दिसतात, तेव्हा प्रश्नच मिटला.

वही तिच्या हाती पडायची ती पडलीच. तिने फुली पाहिली.

"हा वेळ कोणाचा वाचतोय?"

"अगं, पन्नास वळणे आहेत. फरसबंदी. उलट्या बाजूची गाडी. तुला उगाच..."

"अहो, घाटाला भीत कोण आहे? मी की तुम्ही?"

पंचवीस वर्षांहून अधिक काळ जे बोलणे टळले होते ते त्या दिवशी दुपारच्या चहावर झाले. मी कबूल केले की शेजारच्या सीटवर बसून घाट चढणे मला स्वतः चालवण्याहून अवघड जाते. प्रत्येक वळणाला माझा पाय रिकाम्या फरशीवर ब्रेक दाबत असतो. ती म्हणाली, "ते मला कळते. तुमचा बूट वाजतो." मग थोडे थांबून, "त्या रात्री मला राग आला होता. तुमचा नव्हे. मला गाडी थांबवता येत नव्हती, त्याचा." चहा गार झाला. फुली तिने खोडली नाही. खोडरबर आणून ते काम मला करायला लावले.

मग नव्याने बेत आखला, आणि आता तो खरोखर चांगला झाला आहे असे माझे मत आहे. जूनचा पहिला पंधरवडा; घाट उघडलेला असतो आणि जुलै-ऑगस्टची मोटारसायकलींची व सायकलस्वारांची गर्दी अजून यायची असते. पहिले दोन दिवस गाडीविना ल्युब्ल्यानात. वास्तुशिल्पी प्लेचनिक याने तिहेरी रूप दिलेले नदीवरचे शेजारी-शेजारी पूल आणि 1901 सालचा ड्रॅगनचा पूल पायीच पाहायचे आहेत. मग ब्लेड. तिथल्या बेटावरच्या देवळाला 99 पायऱ्या आहेत आणि नवऱ्याने नवरीला उचलून त्या चढायच्या, अशी तिथली रूढी आहे. आमच्या बाबतीत कोणी कोणाला उचलायचे हा वाद नको म्हणून आम्ही काठावरूनच घंटा ऐकणार. मग बोहिन्यचे सरोवर, अधिक शांत.

सहाव्या दिवशी सकाळी लवकर घाट. उतरून त्रेंताच्या दरीत, जिथे सोचा उगम पावते. तिच्या पाण्याचा पाचूसारखा रंग फोटोत पाहून फोटोवाल्याचा संशय येतो. बोवेत्सजवळ बोकाचा धबधबा. कोबारिदला तीन मुक्काम, कारण तिथले पहिल्या महायुद्धाचे संग्रहालय घाईने पाहण्याचे नव्हे. गावावरच्या टेकडीवर सात हजारांवर इटालियन सैनिकांच्या अस्थी ठेवलेले स्मारक आहे. ते 1938 साली मुसोलिनीच्या हस्ते उघडले, ही इतिहासाची आणखी एक तऱ्हा. तिथून नदीच्या काठाने दक्षिणेस सोल्कानचा आगगाडीचा पूल. 85 मीटरची एकच दगडी कमान.

गुहांवरून मात्र अजून वाद चालू आहे. पोस्तोयनाला 1872 पासून गुहेत चिमुकली आगगाडी आहे. गुडघ्यांना तीच सोयीची. पण श्कोत्सियानला भुयारात नदीच वाहते आणि खाली खोल दरीवरून पूल आहे, पायऱ्या शेकड्यांनी. दोन्ही ज्या प्रदेशात येतात तो क्रास, म्हणजे भूगोलाच्या पुस्तकात आपण पाठ केलेला 'कार्स्ट'. तो शब्द इथलाच. चुनखडीत पाणी मुरते आणि खालची जमीन पोखरते. या अंधारात राहणारा प्रोटिअस नावाचा फिकट, आंधळा प्राणी वर्षानुवर्षे न खाता जगू शकतो हे वाचून ही म्हणाली, "तुमची चतुर्थी त्याला दाखवा. खिचडीची वाटी सुटत नाही." जेवणाची आमची काळजी मात्र मिटली आहे. ताज्या चीजचे सारण भरून उकडलेले श्त्रुक्ली, अक्रोडाची गुंडाळलेली पोतित्सा, आणि उत्तरेकडे उपासाला चालणाऱ्या कुट्टूचे नाना प्रकार. शाकाहारी माणूस उपाशी राहणार नाही.

गेल्या महिन्यात आम्ही ताम्हिणीला सराव करून आलो. ही चालवत होती, मी वळणे मोजत होतो. तिनेच काम ठरवून दिले आहे, "तुम्ही ब्रेक दाबायचा नाही. फक्त आकडे वाचायचे." सव्विसाव्या वळणाला लक्षात आले की बूट वाजला नव्हता. सत्ताविसाव्याला वाजला.

विशाची तारीख मिळायची आहे. वहीत सहाव्या दिवसाच्या पानावर तिच्या अक्षरात 'मिद्वा ग्रेवा' लिहिले आहे, आणि खाली : 'वळण 8. थांबणे.' शेजारी मी पेन्सिलीने 'थर्मास' असे लिहून ठेवले आहे.