पाठीवरचं बिऱ्हाड

मैत्रिणींनो, प्रवासाला निघताना तुमची बॅग कधी धड मिटते का हो? मग हे ऐका. मोरोक्कोत, सहारा वाळवंटात १९८६ पासून ‘मॅरेथॉन दे साब्ल’, म्हणजे वाळूची मॅरेथॉन भरते. अंतर सुमारे २५० किलोमीटर! आठवड्याचा शिधा, अंथरूण सारं पाठीवर. पाणी तेवढं वाटेत मिळतं. सक्तीच्या सामानात वर्षानुवर्षं होकायंत्र, शिट्टी अन् चक्क १० सेफ्टी पिना असत. आपण बांगडीत अडकवतो ना, त्याच! पण हा खेळ नव्हे हं. १९९४ साली वाळूच्या वादळात वाट चुकलेला इटलीचा मावरो प्रोस्पेरी नऊ-दहा दिवसांनी अल्जीरियात सापडला. तरी बायकाही धावतात. कित्येकजणी आजाऱ्यांसाठी, मुलांसाठी देणग्या गोळा करून. स्वतःचं ओझं ग्रॅमग्रॅमनं कमी करायचं अन् परक्याचं आपखुशीनं उचलायचं! पायाला फोड आले तरी थांबवत नाही, ते त्यामुळेच.