न्यूमन सेंटरची किल्ली

अमेरिकेत एमएसला येऊन सात आठवडे झाले होते, तेव्हा युनिव्हर्सिटीशेजारच्या न्यूमन सेंटरच्या फादरांनी माझ्या हातात दाराची किल्ली ठेवली. रविवारी रात्री नऊच्या मिस्सानंतर कुलूप लावायची पाळी माझी. मी दोनदा विचारलं, "नक्की मीच ना?"

वसईतल्या आमच्या चर्चची किल्ली मी कधी हातात धरलेली नाही. माझा बाप्तिस्मा तिथला, आजोबांची कबर तिथली, सात वर्षं मी तिथल्या क्वायरमध्ये गायले. आम्ही तरुण पोरं नाताळगोठा बांधायचो, सणाला खुर्च्या मांडायचो, पार्किंग सांभाळायचो. "तरुण हे चर्चचं भविष्य आहेत," असं दर युवा मेळाव्यात कुणीतरी म्हणायचं. भविष्य असल्यामुळेच बहुधा आजच्या मीटिंगला आम्हाला बोलावणं नसायचं.

सेंटरला ज्यांचं नाव आहे ते कार्डिनल जॉन हेन्री न्यूमन १८९० मध्ये वारले. तीन वर्षांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात त्यांच्या नावाचा पहिला क्लब निघाला. काढला तो विद्यार्थ्यांनी, बिशपांनी नव्हे. हे वाचल्यावर किल्लीचं आश्चर्य जरा ओसरलं. इथे वाचनं, गाणी, ख्रिस्तप्रसाद वाटणं, सगळं विशीतली मुलं करतात. एकदा जमलेल्या पैशांवरून भांडण झालं. रिट्रीटला जायचं, की महिनाअखेरीस अर्धपोटी राहणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी शिध्याचं कपाट भरायचं? दोन तास वाद. फादर कोपऱ्यात बसून ऐकत होते. कपाट जिंकलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "तांदूळ कोण आणणार?" मी आणला. पोप फ्रान्सिस यांनी २०१९ च्या पत्रात तरुणांना देवाचं 'आत्ता' म्हटलंय. भाषणात ऐकलं तेव्हा ते गुळगुळीत वाटलं होतं. गोणी जिन्याने चढवताना तसं वाटलं नाही.

पण एक गोष्ट खटकायची. इथे आम्हाला जागा आहे, कारण ती आधी कुणी धरूनच ठेवलेली नाही. मिस्साला तिशीपलीकडचं माणूस क्वचित दिसतं. रडणारं बाळ नाही, मयत नाही. दर मे महिन्यात कितीतरी जण पदवी घेऊन कायमचे निघून जातात.

मार्चमध्ये आजी गेली. मला जाता आलं नाही. नायजेरियाचा एक, मेक्सिकोच्या दोघी, व्हिएतनामचा एक, असे चौघे रात्री चॅपलमध्ये माझ्याबरोबर रोजरीला बसले. मी मराठीत म्हणायचे, ते आपापल्या भाषेत उत्तर द्यायचे. त्यांच्यातल्या कुणी आजीला पाहिलेलं नव्हतं. नंतर व्हिडिओ कॉलवर वसईची अंत्ययात्रा पाहिली. ज्यांनी मला कधी मीटिंगला बोलावलं नाही, तेच काका लोक आजीची पेटी खांद्यावर घेऊन, दफनभूमीच्या वाटेवरच्या उखडलेल्या फरश्यांत ठेचकाळत, एकमेकांना सावरत चालले होते. मला राग धरता येईना, आणि सोडताही येईना.

डिसेंबरमध्ये घरी गेले तेव्हा पॅरिशची मीटिंग होती. मी न विचारता जाऊन उभी राहिले. "बाय, तू तर दहा दिवसांची पाहुणी," एक काका हसून म्हणाले. मग त्यांनीच मागच्या रांगेतली एक खुर्ची सरकवली.

तिसरा विषय दफनभूमीच्या वाटेचा होता. मी हात वर केला.