अजिंठ्याच्या फाट्यावर

गेल्या हिवाळ्यात वस्तीतली पाच कुटुंबे मिळून आम्ही भाड्याच्या गाडीने अजिंठ्याला गेलो. भाकरी, ठेचा, सुकी भाजी घरूनच बांधून घेतली होती. फर्दापूरच्या फाट्यावर गाडी थांबली. धुराने चित्रांना अपाय होऊ नये म्हणून पुढचे चारेक किलोमीटर एसटीनेच जायचे. चांगलीच सोय आहे ही. जपानच्या कर्जातून १९९२ पासून अजिंठा-वेरूळच्या परिसरात संवर्धनाची आणि पर्यटनाची बरीच कामे झाली. फाट्याजवळ २०१३ मध्ये मोठे पर्यटक केंद्रही उघडले, आत लेण्यांच्या प्रतिकृती. पण पाण्याची, विजेची बिले थकली आणि काही वर्षांतच ते बंद पडले.

फाट्यावर रंगीत दगड, माळा, मूर्ती विकणाऱ्यांचे गाळे आहेत. एका म्हाताऱ्या काकांकडे पाणी मागितले, तर त्यांनी माठच पुढे केला. म्हणाले, "पूर्वी लेण्यांच्या पायथ्याशी टोपली घेऊन बसायचो. आता गाळा आहे, सावली आहे. पण माणूस उतरला की बसच्या रांगेकडे पळतो आणि परत आला की हॉटेलच्या जेवणाला पळतो." सहल काढणाऱ्यांनी हॉटेल आधीच ठरवलेले असते ना!

"योजना करताना तुम्हाला विचारलं होतं का, काका?"

"सांगायला आले होते," ते म्हणाले.

वर गेल्यावर आमच्यातल्या शिक्षक भावाने मुलांना शिलालेखांची माहिती दिली. सोळावे लेणे वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याचे दान. सव्विसावे भिक्खू बुद्धभद्राचे. त्याच्याही कित्येक शतके आधी बाराव्या लेण्यात एका व्यापाऱ्याने आपले दान कोरून ठेवलेले. दरबार, बाजार आणि संघ, तिघांचेही हात लागले तेव्हा हे उभे राहिले. आमची धाकटी लगेच म्हणाली, "आणि ज्यांनी खोदलं त्यांची नावं?"

या लेखांत ती नाहीत. आम्हाला तिला दुसरे काय सांगावे ते सुचेना.

परतल्यावर काकांच्या गाळ्यामागच्या सावलीतच शिदोरी सोडली. ठेचा त्यांनाही दिला. ते म्हणाले, "चार दिवस आधी कळवलंत तर आमच्या घरच्या बाया पिठलं-भाकरी करतील." पोरांसाठी दगड घेतले, काकांचा फोन नंबर घेतला.

यंदा आमच्या वस्तीतून दोन गाड्या निघायच्या आहेत. चाळीस ताटे सांगून ठेवली आहेत.