मागणं उतरत जातं

अहमद फराज यांची ‘रंजिश ही सही’ ही गझल माझ्याकडे शिकायला येणारे बहुतेक जण पहिल्याच ओळीत रडवेले होतात. मी त्यांना थांबवते आणि सगळे शेर नुसते वाचायला लावते. वाचल्यावर कळतं, हा माणूस शोक करत बसलेला नाही, तो घासाघीस करतोय. प्रेम एकट्याकडेच उरलंय हे त्याला ठाऊक आहे, त्यामुळे प्रेम तो मागतच नाही. मागतो ते फक्त येणं, आणि त्यासाठी दर शेरात नवं, आधीपेक्षा पडतं कारण पुढे करतो. दुखवायला आलीस तरी चालेल, पुन्हा सोडून जायला आलीस तरी चालेल. नातं नाही तर निदान जगरहाटी म्हणून. शेवटी तर मनात राहिलेली थोडी आशा विझवायला तरी ये, इथवर तो उतरतो.

कारण बदलतं, विनवणी मात्र तीच. दर शेराच्या शेवटी तशीच परतणारी रदीफ, ‘के लिए आ’, प्रत्येक वेळी आकारावर येऊन थांबते. तिथे गळ्याला मोकळं रान मिळतं आणि नेमके तिथेच गाणारे वाहवत जातात. माझ्या मते सगळा रंग काफियापर्यंत, म्हणजे रदीफेआधीच्या यमकापर्यंत, भरावा आणि तो आकार साधा सोडावा.

निसार बज्मी यांची ही चाल १९७२च्या ‘मोहब्बत’ या पाकिस्तानी चित्रपटातली. मेहदी हसन यांनी ती मैफलीत नेली आणि तिथे ती फुलत गेली. पाया यमनचा. यमनात एकही कोमल स्वर नाही, मध्यमसुद्धा तीव्र. अशा शब्दांना कुणी कोमल स्वर दिले असते तर ती नुसती याचना झाली असती. इथे मागणं खाली खाली जातं आणि माणूस ताठ उभा राहतो. मेहदी हसन शब्द आधी बोलल्यासारखा ठेवतात, मग सुरात नेतात; गळा कुठेही भरून येऊ देत नाहीत. या गझलेचा अर्थ मला त्या संयमातच सापडला.

मैफलीत तालिब बागपती यांचे दोन शेरही तिला जोडून गातात. त्यातला न येण्याच्या बहाण्यांचा शेर फार देखणा आहे, हमखास दाद घेतो. पण त्यात तो कायमचं येणं मागतो. इतका वेळ उतरत आलेलं मागणं एकदम वर चढतं आणि फराज यांनी बांधलेला उतार मोडतो. फर्माईश आली तरी तो शेर मी गात नाही.