घाबरलेला अजगर

कापडी पिशवीची गाठ सुटते. आतला जीव उजेडात येतो, पण पुढे सरकत नाही. अंग फुगू लागतं, तसे त्याच्यावरचे काळे-तपकिरी ठिपके ताणले जातात. मान मागे ओढली जाते आणि तिला दुहेरी बाक येतो. मग येतो तो आवाज, लांबलचक आणि खरखरीत, एवढ्याशा देहातून निघतोय हे खरं वाटू नये असा. अमेरिकेत, ब्रिटनमध्ये बॉल पायथन पाळणाऱ्या कितीतरी घरांत पहिला आठवडा असाच सुरू होतो. ‘अगदी गरीब साप आहे’ असं ऐकून आणलेला पाहुणा फुसकारतोय म्हटल्यावर आपल्या वाट्याला नेमका तापट आला, असं घरच्यांना वाटतं.

तो तापट नसतो. भ्यालेला असतो.

बॉल पायथन हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला छोटा अजगर. चार-पाच फुटांच्या पुढे सहसा जात नाही. घाना, टोगो, बेनिनच्या गवताळ मुलखात त्याचा दिवस उंदरांच्या बिळात किंवा वाळवीच्या रिकाम्या वारुळात जातो. बाहेर पडायचं ते रात्री. संकट आलं की डोकं मधोमध लपवून तो अंगाचा घट्ट गोळा करतो, म्हणून त्याचं नाव बॉल पायथन. गोळा होऊन भागणार नाही असं वाटलं, तर फूत्कार. तेवढ्यानंही समोरचा हटला नाही, तर झडप, तीही बऱ्याचदा तोंड मिटूनच मारलेली. चावणं हा अगदी शेवटचा उपाय. विष नाही, अंगात फार बळ नाही, पळायचा वेगही नाही. अशा प्राण्यानं आधी आवाज करून बघावा, यात समोरच्याचंही भलंच आहे.

महाराष्ट्रात सापाचा फूत्कार म्हटलं की आठवते ती घोणस. कुकरच्या शिट्टीसारखा तिचा आवाज शेतावर राबणाऱ्यांच्या चांगला ओळखीचा. अजगराचं पिल्लू समजून घोणस हातात घेतल्यानं झालेले अपघात सर्पमित्र पोटतिडकीनं सांगतात. घोणशीचा फूत्कार ऐकून चार पावलं मागे सरायलाच हवं. बॉल पायथनच्या फूत्कारामागे विष नाही, पण म्हणणं तेच आहे: जवळ येऊ नकोस.

हा आवाज निघतो कसा? अजगराला स्वरतंतू नसतात. श्वासनलिकेचं तोंड त्याच्या जबड्याच्या तळाशी, जिभेपाशी उघडतं. फुप्फुसात भरून घेतलेली हवा त्या चिंचोळ्या वाटेनं जोरात बाहेर ढकलली की फूत्कार होतो. म्हणजे तो श्वासच, फक्त मोठ्यानं सोडलेला. गंमत अशी की तो सोडणाऱ्याला स्वतःला फारसा ऐकूच येत नसावा. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी २०१२ मध्ये याच जातीच्या सापांची श्रवणशक्ती तपासली. ८० ते १६० हर्ट्झच्या जाड, घुमणाऱ्या आवाजांना त्यांचा प्रतिसाद सर्वांत चांगला होता, आणि तोही मुख्यतः कवटीला जाणवणाऱ्या कंपनांमुळे. फूत्काराचा जोर असतो हजारो हर्ट्झच्या पट्ट्यात. हा आवाज आहे तो दुसऱ्यासाठी, कान असलेल्यासाठी.

म्हणून टीव्हीवरच्या बोलण्याचा त्याला त्रास नसतो. त्रास असतो तो त्याची पेटी असलेल्या कपाटावरच ठेवलेल्या स्पीकरच्या दणक्याचा, आपटलेल्या ड्रॉवरचा, शेजारी थरथरणाऱ्या वॉशिंग मशीनचा. शिवाय वरच्या ओठावर ओळीनं बारीक खळगे असतात, त्यांतून त्याला उष्णता कळते. काळोखात वरून येणारा माणसाचा उबदार हात त्याच्या लेखी मोठ्या शिकारी प्राण्याचा पंजा आहे. सापावरची बरीच संकटं वरूनच येतात.

एक फरक मात्र पाळणाऱ्यानं पक्का ध्यानात ठेवावा. भक्ष्यावर टपलेला अजगर फुसकारत नाही. तो गप्प असतो, जीभ आत-बाहेर करत हळूच पुढे येतो आणि आवाज न करता झडप घालतो. फुसकारणाऱ्याला भूक लागली असेल म्हणून चिमट्यात उंदीर धरून पुढे नाचवला, तर त्याची भीती आणखी वाढते.

मग करायचं काय? खरं तर बरंच काही न करायचं. पहिला आठवडाभर पाणी बदलण्यापलीकडे हात आत घालू नये. पेटीचं एक टोक ३१-३२ अंशांपर्यंत उबदार, दुसरं २५-२६ अंशांवर, आणि दोन्हीकडे लपायला जागा. ती ऐसपैस नको. अंग तिन्ही बाजूंनी भिंतींना टेकेल इतकी अडचणीची हवी. काचेची पेटी असेल तर तिच्या तीन बाजू कागदानं झाकाव्या. एवढ्यानंच कित्येक साप निवतात. मग खाऊ घालून बघावं. दोन-तीनदा नीट खाल्ल्यावर हाताळायला सुरुवात, तीही खाण्यानंतर किमान दोन दिवस सोडून. हात बाजूनं न्यावा, डोक्यापासून दूर, अंगाच्या मध्यावर. कात टाकायच्या आधी डोळे दुधाळ निळसर होतात, दिसेनासं होतं आणि भित्रेपणा वाढतो. त्या दिवसांत तर त्याच्या वाटेला जाऊच नये.

फुसकारला म्हणून हात मागे घेतलात तर सापाला सवय लागेल, असं काही पाळणारे बजावतात. सरावलेल्या सापाच्या बाबतीत त्यात तथ्य असेल. पण नुकत्याच घर बदललेल्या जिवाला दटावून धीट करता येतं, हे पटण्याजोगं नाही.

तो कुठून आला, यावरही बरंच अवलंबून असतं. पश्चिम आफ्रिकेत अंडी पोटात असलेल्या माद्या रानातून धरतात, अंडी उबवतात आणि पिल्लं परदेशी रवाना होतात. त्याच बेनिनमधल्या विदा गावात अजगरांचं देऊळ आहे. घरात शिरलेला अजगर तिथली माणसं आदरानं उचलून देवळात आणून सोडतात. त्याच भूमीवरून खोक्यात भरून निघालेल्या पिल्लानं परक्या घरात फुसकारू नये तर काय करावं? पाळणाऱ्यांकडेच जन्मलेला साप घेणं त्या मानानं बरं. भारतातला अजगर पाळणं तर वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हाच आहे. बॉल पायथनचीही इथे चोरटी आयात होते: डिसेंबर २०२३ मध्ये बँकॉकहून मुंबईच्या विमानतळावर आलेल्या एका प्रवाशाकडे बिस्किटांच्या आणि केकच्या पाकिटांत लपवलेले नऊ बॉल पायथन सापडले होते.

आणखी एक आवाज या फूत्काराहून वेगळा ओळखायला हवा. कोणी जवळ नाही, साप निवांत पडलाय, तरी प्रत्येक श्वासाला शीळ किंवा घरघर येतेय. नाकपुडीशी किंवा ओठांच्या कडेला फेसाचे बुडबुडे आहेत. डोकं वर करून तो तोंड किंचित उघडं ठेवतोय. ही भीती नाही, श्वसनमार्गाचा संसर्ग आहे, बहुधा पेटीतल्या थंडीमुळे झालेला. यावर वाट बघण्यात अर्थ नाही. तापमापक तपासावा, उबदार टोक खरंच उबदार आहे ना ते बघावं आणि सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडे त्याला त्याच कापडी पिशवीतून, ऊब सांभाळत, लगेच न्यावं.