घराचा कागद आणि बहिणीची सही

आमचा धाकटा भाऊ तुमसरच्या राईस मिलमध्ये हमाली करीत असे. पाठ धरू लागली तेव्हा त्याने ठरविले, मोहाडी तालुक्यातल्या आपल्या गावी पिठाची चक्की आणि मिरची कांडपाचे यंत्र टाकायचे. जागा घरचीच, वडिलांनी हमालीच्या पैशातून बांधलेल्या घराची ओसरी.

आम्ही त्याला घेऊन बँकेत गेलो. साहेबांनी विचारले, "घर कोणाच्या नावे?" आम्ही ग्रामपंचायतीचा नमुना आठ पुढे केला. बी.कॉम. शिकून कारकुनी करणाऱ्या आम्हाला तेव्हा कळले, की नमुना आठ हा कर आकारणीचा उतारा, मालकीचा पुरावा नव्हे. त्यावर नावही वारलेल्या वडिलांचेच. वीज कचेरीनेही चक्कीच्या जोडणीसाठी जागेचा कागद मागितला. चार भिंती आमच्या, पण कागदाविना त्यांना पत नाही!

मग आम्ही सोपा मार्ग काढला. बहिणीकडून हक्कसोड पत्र घ्यावे, म्हणजे नावे कमी, कटकट कमी. बहीण पवनीहून आली. कागद वाचून म्हणाली, "भाऊ, चौदा एप्रिलला तुम्ही हिंदू कोड बिलावर भाषण देता. मग माझं नाव काढल्याशिवाय चक्की चालत नाही का?" आमची मान खाली गेली.

ते बिल रखडले म्हणून बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपद सोडले. पुढे १९५६ चा वारसा कायदा झाला. तो आपणा बौद्धांनाही लागू आहे. वडील मृत्युपत्र न करता गेले, तर त्यांच्या स्वकमाईच्या घरात आई, मुलगे आणि मुली सारखे वाटेकरी असतात.

आम्ही ते पत्र फाडले. चौघांची वारस नोंद करून घेतली. सर्वांनी संमतीपत्र दिले, वीजजोडणी मिळाली. कर्ज मुद्रा योजनेतून काढले. २०१५ साली सुरू झालेल्या या योजनेत १० लाखांपर्यंत तारण लागत नाही. घर गहाण पडले नाही, चक्की सुरू झाली आणि बहिणीचा हिस्साही शाबूत राहिला.

बंधू-भगिनींनो, आपल्या वस्त्यांत घरे आहेत, कागद नाहीत. २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाण मोजून मिळकत पत्रिका दिल्या जात आहेत. आपल्या पत्रिकेवरची नावे आजच तपासा. आई, बहीण सुटली नाही ना, ते पाहा. कागदाने धंद्याला पत येते. पण बहिणीचे नाव खोडून मिळविलेली पत आपल्या घराला शोभत नाही.