सुतकातले केस

मालिकेत बाप मरतो, पोराचे केस मात्र जात नाहीत. नाना हे अशा सुरात म्हणायचे की त्यांचंच कुणी देणं बुडवलंय असं वाटावं. आई पांढऱ्या साडीत येते, तिचं कुंकू जातं, मंगळसूत्रावर कॅमेरा तीनतीनदा जाऊन येतो, बाहेर विजा कडाडतात. आणि चितेला अग्नी देणारा मुलगा पुढच्या भागात तोच कोंबडा, तेच कल्ले, मानेवर तीच ताजी रेघ घेऊन हॉलच्या मधोमध उभा. ‘ह्याच्या घरी दहावा झाला का नाही?’ नाना विचारायचे आणि त्यांची कात्री केस सोडून हवेतच दोनदा वाजायची.

नाना गेल्या पौषात गेले. नाशिक जिल्ह्यातल्या आमच्या कळवणच्या रस्त्यांवर तेव्हा कांद्याची वाहनं एकामागे एक लागलेली असतात, हवेत टरफलं उडत असतात, आणि बाजार समितीतून सुटलेला शेतकरी हातात पैसे असले की आधी दाढी करतो, मग बाकीची खरेदी. नानांची कमाईची वेळ तीच. त्याच दिवसांत दुकानाचं शटर खाली राहिलं. लोक यायचे, शटरकडे बघायचे, पुढे जायचे.

त्यांचं सलून म्हणजे दोन खुर्च्या, लहान पोरांसाठी खुर्चीच्या हातांवर आडवी टाकायची गुळगुळीत फळी, तुरटीचा झिजलेला खडा, आणि मागच्या भिंतीवर उंच लाकडी फळीवर ठेवलेला टीव्ही. तो मागे असल्यामुळे गिऱ्हाइकाला पडदा दिसायचा तो समोरच्या आरशात. म्हणजे आम्ही सगळ्या नटांना उलटं पाहिलं. डावीकडे भांग पाडणारा नायक आमच्या लेखी उजवीकडे भांग पाडायचा. पुढे एका फलकावर तोच नट सरळ पाहिला तेव्हा तो मला तोतया वाटला. नानांना सांगितलं तर म्हणाले, ‘स्वतःला तरी माणूस कुठं सरळ बघतो?’

१९८७च्या जानेवारीत दूरदर्शनवर ‘रामायण’ सुरू झालं. रविवारी सकाळी, म्हणजे सलूनच्या ऐन गर्दीच्या वेळी. साबणाचा फेस गालावर वाळत जायचा आणि कुणी तक्रार करायचं नाही. जुनी माणसं सांगतात की लोक हात जोडून बसलेले असताना नाना मात्र रामाच्या कपाळाकडे बारीक डोळे करून बघत होते. ‘हाऊ विग शे, भो,’ त्यांनी अहिराणीत जाहीर केलं. दुकानात शांतता पसरली. कुणीतरी रागावून म्हणालं, अहो, देव आहे तो. ‘देव खरा,’ नाना म्हणाले, ‘केस खोटे.’ आणि वस्तरा पट्ट्यावर घासायला लागले. या वाक्यावरून त्यांना नास्तिक ठरवणारेही निघाले. पण नाना सप्तशृंगीच्या गडाला पायी जाणारे. त्यांचा वाद देवाशी नव्हता, कपाळावरच्या रेघेशी होता. खऱ्या केसाची सुरुवात कधी एका रेघेत होत नाही, आधी लव असते, मग विरळ, मग दाट, असं ते सांगायचे. मी आजवर ऐकलेल्या अभिनयाच्या टीकेत इतकं नेमकं फार थोडं होतं.

आता वाटतं, पडद्यावरच्या केसांचा आपला सगळा इतिहास नाशिक जिल्ह्यातल्या माणसाला सुतकापासूनच सांगावा लागेल. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे. १९१३च्या ‘राजा हरिश्चंद्र’साठी त्यांना बाई नट मिळेना, म्हणून पुरुषांनाच लुगडी नेसवायचं ठरलं, तारामती झाले अण्णा साळुंके. पण अडलं ते मिशीवर, असं सांगतात. बाप जिवंत असताना मिशी उतरवायची कशी? मिशी जाते ती बाप गेल्यावर. त्या पोरांना समजावता समजावता फाळक्यांना घाम फुटला असणार. फाळक्यांवरचा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ हा सिनेमा पाहताना या प्रसंगाला प्रेक्षक खळखळून हसतात, मीही हसलो होतो. नाना हसले नाहीत. ‘बरोबरच होतं पोरांचं,’ म्हणाले. ज्या पडद्याची सुरुवात बापाच्या जिवावर बेतणाऱ्या मिशीपासून झाली, त्या पडद्यावर आज बाप खुशाल मरतो आणि मिशीला धक्का लागत नाही, यातलं अंतर त्यांना दिसत होतं.

मी त्यांना एकदा शहाणपणानं समजावलं. म्हटलं, नाना, मालिकेचं चित्रीकरण क्रमानं होत नाही. आज सुतकाचा प्रसंग, दुपारी त्याच नटाचा लग्नातला नाच, उद्या त्याची तेलाची जाहिरात. केस उतरवले तर तीन महिने त्यानं करायचं काय? नाना थोडा वेळ गप्प राहिले. ‘म्हणजे पोट आहे त्याचं,’ ते म्हणाले. ‘मग ठीक.’ पोटाचं कारण त्यांना नेहमी पटायचं. पण टकलाची रबरी टोपी घालून सुतक दाखवणाऱ्यांना त्यांनी शेवटपर्यंत माफ केलं नाही. मानेमागची सुरकुती बघ, म्हणायचे. रडताना कातडी हलते, टोपी हलत नाही.

एका माणसाच्या डोक्यावर मात्र ते खूश होते. ‘सारांश’ टीव्हीवर लागला की खुर्ची रिकामी असली तरी ते उभ्यानंच बघायचे. १९८४चा सिनेमा. परदेशात मारल्या गेलेल्या मुलाचा बाप, निवृत्त मास्तर, प्रधान नावाचा मराठी म्हातारा. तो साकारणारे अनुपम खेर तेव्हा २८ वर्षांचे होते. हे कळल्यावर नाना बराच वेळ पडद्याजवळ जाऊन बघत राहिले. उतरलेलं कपाळ त्या माणसाचं स्वतःचं होतं, त्यामुळे दुःखाला लपायला कुठं जागाच नव्हती, असं काहीतरी त्यांना म्हणायचं असावं. म्हणाले एवढंच, ‘ह्याचं डोकं खोटं बोलत नाही.’

बायकांच्या केसांबद्दल ते जपून बोलायचे, कारण तो त्यांचा प्रांत नव्हता. सिनेमाच्या धंद्यात उलटं असायचं, हे सांगितल्यावर त्यांना फार मजा वाटली: तिथं संघटनेच्या नियमानं वर्षानुवर्षं बाईनं केसच करायचे, चेहऱ्याचा रंग पुरुषानं लावायचा, २०१४च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयानं ते मोडून काढेपर्यंत असंच चाललं. ‘मुंबईत असतो तर उपाशी मेलो असतो मी,’ नाना म्हणाले.

पण ‘माझ्या नवऱ्याची बायको’ लागली आणि त्यांनी तोंड उघडलं. २०१६ ते २०२१ अशी ही मालिका चालली आणि राधिका झालेली अनिता दाते नाशिकची, त्यामुळे आमच्याकडे तिला माहेरवाशिणीचा मान होता. राधिका वेणी घालायची. नवऱ्याची मैत्रीण शनाया मोकळ्या केसांची. एवढ्यावर आवाज बंद करूनही कोण सोसणार आणि कोण छळणार ते कळत होतं. मालिकांची ही बाराखडी फार जुनी आहे. मग राधिका मसाल्यांच्या धंद्यात उतरली, मोठी झाली, कंपनीची मालकीण झाली, आणि तिचं रूप पालटलं, केसांची ठेवण पालटली. त्या संध्याकाळी कळवणच्या घराघरांत बायकांनी टाळ्या वाजवल्या असतील. माझ्या घरात तर वाजल्याच. नाना मात्र कुरकुरले. ‘वेणीनं काय घोडं मारलं होतं?’

मला त्यांचं म्हणणं तेव्हा जुनाट वाटलं, आजही थोडं वाटतं. बाईनं केस कसे ठेवावेत हे तिनंच ठरवावं, नानांनी नाही आणि मीही नाही. पण दुसऱ्या दिवशी कांद्याच्या खळ्यावर निवडणीला बसलेल्या बायका पाहिल्या. डोक्याला फडकी बांधलेली, फडक्याखाली घट्ट वेण्या. कुणी कुणाची सोसणारी सून म्हणून नव्हे, तर टरफलं केसांत अडकतात म्हणून. त्यातल्या कितीतरी जणी घर चालवतात, सोसायटीचं कर्ज फेडतात. पडद्यावर कर्तबगारी आली की वेणी जाते. इथं वेणी घालूनच कर्तबगारी चालते. नानांना हेच म्हणायचं होतं का? कोण जाणे. त्यांचं बोलणं मी आता माझ्या सोयीनं पुरं करतोय. मेलेल्या माणसाशी वाद घालण्यात हा एक धोका असतो.

एक गोष्ट मात्र त्यांच्या अभिमानाची होती. ‘उंच माझा झोका’ मालिकेत आलवण नेसलेल्या, डोक्यावरून पदर ओढलेल्या बायका दिसायच्या. रमाबाई रानड्यांचा तो काळच तसा. विधवेचे केस उतरवणारा हात न्हाव्याचाच असायचा, आणि त्या हाताला कुणी विचारत नसे. पण १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकारानं याच हातांनी एकत्र येऊन सांगितलं की आम्ही विधवांचं केशवपन करणार नाही. नानांना हे कुठून तरी ठाऊक होतं आणि ते दुकानात येणाऱ्या प्रत्येक मास्तरला ऐकवायचे. ती मालिका बघताना ते तो न्हावी कधी येतोय याची वाट बघत बसायचे. वस्तरा खाली ठेवणारा माणूस पडद्यावर दिसावा, एवढीच त्यांची इच्छा होती. नानांना तो कधी दिसला नाही.

रूप बदललं की माणूस बिचकतो, हे त्यांच्याइतकं कुणी पाहिलं असेल? ‘तेरे नाम’नंतर पोरं मधोमध भांग पाडून कान झाकायला लागली, ‘गजनी’नंतर त्याच पोरांचे धाकटे भाऊ डोक्यावर मशीन फिरवून त्यात जखमेसारखी रेघ मागायला लागले. प्रत्येक जण खुर्चीतून उठताना आरशात एकदा दचकायचा. २०२२ साली सप्तशृंगीच्या गडावर देऊळ काही आठवडे बंद ठेवून देवीच्या मूर्तीवरचा शेंदराचा जाड थर उतरवला गेला आणि नवरात्रात दर्शन खुलं झालं, तेव्हा सगळा कळवण तालुका असाच दचकला. आठ फुटांची, अठरा हातांची तीच आई. पण पिढ्यान्‌पिढ्या घरच्या तसबिरीत पाहिलेला चेहरा गेला, खालून घडीव नाकाडोळ्याचा वेगळाच चेहरा समोर आला. काही म्हाताऱ्या रडल्या. ही आपली आहे का, असं कुणीतरी दबक्या आवाजात विचारलं. नाना दर्शन करून आले आणि म्हणाले, ‘दोन दिवस लागतात. नवी कटिंग असली की असंच होतं. डोळ्यांकडे बघायचं.’ हे बोलणं उद्धट आहे की भाविक, याचा निकाल माझ्याच्यानं लागत नाही.

नाना, तुमच्या दहाव्याला मी आलो होतो. नदीकाठी थंडी होती. गावात कुणाच्याही घरचं सुतक असलं तरी तिथं पाट टाकून बसायचे तुम्ही. बापाचं डोकं, मग लेकाचं, मग नातवाचं, अशा तीनतीन पिढ्यांचे केस तुमच्या हातून पाण्याला लागले. ज्याचं जावळ काढलं त्याच्याच मुलाला पुढे ओल्या डोक्यानं पिंडापाशी बसवलंत. त्या दिवशी पाटावर अभोण्याहून आलेला तुमच्या नात्यातला कारागीर होता. हात चांगला होता त्याचा. तुम्ही खोड काढली असतीत, पण चांगला होता. थोरल्यानं डोकं दिलं. मग धाकटा बसला, नाशिकला मोबाइलच्या दुकानात काम करणारा. त्याचे केस तुम्हाला कधी आवडले नाहीत, बाजूनं कोरलेले, वर तुरा, तुऱ्याला सोनेरी झाक, सगळं कुठल्याशा मालिकेतल्या नायकासारखं. त्याचा मालक म्हणाला होता म्हणे, काउंटरवर उभं राहायचंय, नुसती दाढी केली तरी चालेल. त्यानं काही न बोलता मान खाली घातली.

पुढचं त्यानं मला नंतर सांगितलं. कामावर गेल्यावर पहिल्याच दिवशी एक गिऱ्हाईक त्याच्या डोक्याकडे बघून म्हणालं, ‘भारी दिसतंय भाऊ, उन्हाळ्याआधीच?’ दुसऱ्यानं विचारलं, कुठल्या सिनेमातलं? एकालाही असं विचारावंसं वाटलं नाही की घरी कोण गेलं. गावात तुळतुळीत डोकं दिसलं की समोरचा आधी आवाज खाली आणायचा, हे त्यानं लहानपणापासून पाहिलं होतं. शहरात त्याला दुःख समजावून सांगावं लागलं, तेही दर गिऱ्हाइकाला, आणि मग त्यानं सांगणंच सोडून दिलं. हसून म्हणायचा, हो, नवीन स्टाइल आहे. पडद्यानं सुतक उतरवलं नाही ते नाहीच, पण टक्कल तेवढं उचलून नेलं आणि फॅशन करून परत पाठवलं. आता ते खरोखर कुणाचं सुतक असलं तरी वाचणार कोण?

तुम्ही वाचलं असतंत, नाना. केस मशीननं गेलेत की वस्तऱ्यानं, शौकानं की नदीवर, हे मान बघून सांगायचात तुम्ही. ती विद्या तुमच्याबरोबर गेली, असं मी म्हणणार होतो, पण ते पुरतं खरं नाही. तिचा एक निरुपयोगी तुकडा तुम्ही माझ्या डोळ्यांत ठेवून गेलात आणि त्यानं माझं मालिका बघणं कायमचं नासलंय. परवा एका मालिकेत बाराव्याचा प्रसंग होता. भिंतीवर फोटो, फोटोला हार, सून पदरात तोंड लपवून हुंदके देतेय, मुलगा गुरुजींसमोर हात जोडून बसलाय. घरात सगळ्यांचे डोळे भरलेले. मी म्हटलं, कल्ले बघा त्याचे, कालच कोरलेत, आणि वर जेल आहे. बायकोनं रिमोट घेऊन आवाज वाढवला.